दारावरचे हिरवे कडे

वाचकहो, डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात संत्र्याच्या गाडीबरोबर म्हणा, दवाखान्याच्या कामाने म्हणा, आपले नागपूरला जाणे होतेच. अशा वेळी सदर भागातून पायी निघालात तर दोन्ही बाजूंच्या दारांकडे जरा पाहत चला. काही घरांच्या ओसरीवर कागदाचा चांदणीकंदील टांगलेला दिसेल. तो आपल्या आकाशकंदिलाचा भाऊच, त्यामुळे त्याचे नवल वाटत नाही. पण एखाद्या दारावर, बरोबर मधोमध, हिरव्या पाल्याचे एक गोल कडे खिळ्याला अडकवलेले असते. आकाराने परातीएवढे, मधून पोकळ, खाली लाल फीत बांधलेली. इंग्रजीत त्याला रीथ म्हणतात. हे काय असते, कशासाठी असते, हे आज आपल्याशी बोलायचे आहे.

मला हे कडे कळले ते आईच्या एका चुकीमुळे. ती हकिकत आधी सांगतो.

१९७८ सालची गोष्ट. मी तेव्हा सदरमध्ये दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. शेजारच्या घरात एक ख्रिस्ती बाई राहत. मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून उभी हयात काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या, बोलायला कमी, पण रात्री-अपरात्री कोणाचे पोर तापले तर सगळ्यांच्या आधी धावून येणाऱ्या. नाताळच्या दोन दिवस आधी माझी आई काटोलकडच्या आमच्या गावाहून आली. डोक्यावर संत्र्याचे गाठोडे, हातात कोंबडीची अंडी. जिना चढता चढता तिने शेजारचे दार पाहिले आणि ती थबकली. आत येऊन गाठोडे खाली ठेवले आणि हलक्या आवाजात मला विचारले, "शेजारी कोण गेलं?"

मी म्हटले, कोणी नाही. पण तिचा विश्वास बसेना. वर्तमानपत्रात पुढारी समाधीवर वाहतात ते पुष्पचक्र तिने फोटोत पाहिले होते, आणि तेच दारावर टांगलेले तिला दिसत होते. मी कामावर निघून गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तो चुलीवर काही गोड नाही, तळण नाही. आईने पिठले आणि भाकरी केली होती आणि ताट झाकून शेजारी नेऊन दिले होते. ज्या घरी मयत झाली त्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी भाकरी न्यायची असते, ही आपली रीत. तिने ती पाळली. दार उघडताच ती बाईंना म्हणाली, "घ्या बाई, दोन घास खाऊन घ्या. रिकाम्या पोटानं भागते का?"

मी तर शरमेने अर्धा झालो. ऐन सणाच्या तोंडावर कोणाच्या घरी दुखवट्याची भाकरी! माफी मागायला म्हणून तसाच शेजारी गेलो. बाई ताट पुढे घेऊन बसल्या होत्या, पिठले-भाकरी खात होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांचे यजमान त्याच वर्षी पावसाळ्यात वारले होते. मी त्या घरात नवा होतो, मला ठाऊक नव्हते. यंदा दारावर काही लावायचे की नाही याचा त्यांना आठ दिवस निर्णय होत नव्हता, आणि शेवटी आदल्या दिवशीच त्यांनी ते कडे लावले होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईला कोणी काही सांगितलं नाही, तरी त्यांना बरोबर कळलं."

म्हणजे आई चुकली होती, आणि चुकलीही नव्हती. ते कसे, ते पुढे पाहू.

गोलाला टोक नसते

आपल्या घरातली चुंबळ घ्या. पाण्याचा हंडा डोक्यावर टेकवायला बायका जुन्या लुगड्याची वळकटी गोल गुंडाळून करतात ती. ती एकदा नीट वळली की तिचे टोक कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे सापडत नाही. हिरव्या कड्याचा पहिला अर्थ एवढाच आहे. ज्याला आरंभ नाही आणि शेवट नाही असा देव, आणि मरणानेही जे संपत नाही असे जीवन, याची ती खूण. म्हणून ख्रिस्ती माणूस हेच चक्र कबरीवर वाहतो आणि हेच चक्र येशूच्या जन्माच्या सणाला दारावरही लावतो. वस्तू एक, जागा दोन. आपल्याकडेही झेंडूचा हार नवरदेवाच्या गळ्यात पडतो आणि तिरडीवरही पडतो, आपण त्याचे नवल करत नाही.

गोलाची ही ओढ ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणी गावाजवळ मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत, सुमारे ३०० असतील. आईची एसटी त्याच रस्त्याने यायची. गुराखी त्यांत गुरे चारतात, पुष्कळांना ते नुसते धोंडे वाटतात. पण ती ख्रिस्तजन्माच्या कित्येक शतके आधीची, लोहयुगातल्या लोकांची स्मशाने आहेत. गेलेल्या माणसाभोवती त्यांनी दगडांचे कडे केले. का केले, ते लिहून ठेवायला त्यांच्याजवळ अक्षरे नव्हती.

नागपूरच्या ख्रिस्ती समाजाची गोष्टही या दगडांपाशी येऊन लागते, हा योगायोग पहा. स्कॉटलंडचे पाद्री स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. धर्मोपदेश हे त्यांचे काम, पण या प्रांतातले दगड, जीवाश्म आणि गोंड वगैरे आदिवासी लोकांची भाषा व चालीरीती यांचाही त्यांनी कसून अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची अशीच दगडी वर्तुळे पाहून परत येत होते. वाटेत पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांनी लिहून ठेवलेली टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी पुढे १८६६ साली छापून काढली. १८८३ साली निघालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. आपल्यापैकी कित्येकांची मुले तिथे शिकली असतील.

हिरवा पाला कशासाठी?

आता पाल्याचे. हे कडे ज्या मुलखातून आले त्या उत्तर युरोपात डिसेंबर म्हणजे मरणाचा महिना. दिवस चार घटकांचा, वावर बर्फाखाली गाडलेले, सगळी झाडे खराट्यासारखी उघडी. अशा वेळी देवदार, स्प्रूस अशी सुईसारख्या पानांची थोडी झाडे तेवढी हिरवी राहतात. त्यांची डहाळी घरात आणून लोक मनाला धीर देत, की हिवाळा काही कायमचा नाही. हॉली नावाचे एक काटेरी पानांचे झुडूप तिकडे असते, त्याला लाल फळांचे घोस येतात. ख्रिस्ती लोकांनी त्या काट्यांत येशूच्या डोक्यावर चढवलेला काट्यांचा मुकुट पाहिला आणि लाल फळांत त्याचे रक्त. म्हणजे जन्माच्या सणातही मरणाची आठवण गुंफलेली आहे. आईला वास आला तो त्याचाच.

त्याही आधी ग्रीक आणि रोमन लोक पानांची कडी माथ्यावर घालत. ऑलिंपियाच्या खेळांत जिंकणाऱ्याला रानऑलिव्हच्या फांदीचे कडे मिळे, सोने-नाणे नव्हे. रोममध्ये तर मोठी गंमत होती. ज्याने सगळ्या फौजेला संकटातून वाचवले त्याला सर्वांत मोठा मान द्यायचा, आणि तो मुकुट असे गवताचा. रणभूमीवरच जे गवत, तण उगवले असेल ते उपटून वळलेला. आपण निंदण करून बांधावर फेकतो ती चीज एखाद्या सेनापतीने डोक्यावर मिरवावी, हे मला फार आवडते.

आपल्या भागाला हा उत्तरेकडचा अर्थ मात्र तंतोतंत लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. नागपुरात डिसेंबर काही मरणाचा महिना नाही. तूर फुलावर-शेंगेवर असते, गहू-हरभरा वाढीला लागलेला असतो, कपाशीची वेचणी चालू असते आणि आंबिया बहाराची संत्री गाड्यांतून कळमना बाजाराकडे निघालेली असतात. आपली झाडे ओकीबोकी होतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. साग, पळस, सावर यांचा पाला झडतो. त्या काळातही जो हिरवा असतो तो आंबा. मला वाटते, आपल्या वाडवडिलांनी तोरणाला आंब्याचाच पाला निवडला तो काही उगाच नाही. पोळ्याच्या दिवशी दोन खांबांना बांधलेल्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. हे पाहत जो लहानाचा मोठा झाला, त्याला हिरव्या पाल्याचा अर्थ परक्या मुलखातून शिकायची गरज नाही.

नारायण वामन टिळकांना हे कळले होते. काही वर्षे ते नागपूरला राहिले. पुढे नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती झाले म्हणून ते साहेब झाले नाहीत. ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाने मराठी रीतीने, भजन-कीर्तनाने, अभंगाने करावी असा त्यांचा आग्रह होता. नाताळ हा शब्दच घ्या ना. पोर्तुगीज भाषेत जन्म या अर्थाचा तो शब्द, पण आपल्या तोंडी असा रुळला की दिवाळी-दसऱ्यासारखा घरचा वाटतो.

गाडीचे चाक आणि चोवीस मेणबत्त्या

या कड्याचा एक प्रकार दारावर टांगायचा नसतो, टेबलावर आडवा ठेवायचा असतो. त्याची जन्मकथा आपल्याला जवळची वाटेल, कारण तो जन्मला गाडीच्या चाकातून.

जर्मनीत हांबुर्ग शहराजवळ योहान हिनरिख विखर्न नावाचे एक पाद्री होते. १८३३ साली त्यांनी अनाथ आणि गरीब मुलांसाठी एक घर काढले. नाताळ जवळ आला की मुले रोज उठून एकच विचारायची, "आता किती दिवस उरले?" गावच्या जत्रेआधी आपली पोरे विचारतात तसेच. त्यांना रोज उत्तर देण्यापेक्षा विखर्न यांनी १८३९ साली एक युक्ती केली. गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लाल लावायची आणि रविवारी पांढरी. सगळ्या लागल्या की नाताळ आला. मुलांनी मोजायला शिकावे हाही त्यात हेतू होता म्हणतात. पुढे चाकाला हिरव्या डहाळ्या गुंडाळू लागले, लहान मेणबत्त्या गळल्या आणि चारच उरल्या.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चढत जातात. आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी त्यांची नावे पुष्कळ ठिकाणी सांगतात. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, अशी रंगांची रीत आहे. मध्ये पाचवी पांढरी ठेवतात, ती नाताळच्या रात्री लावायची. ज्या दिवसांत उजेड रोज कमी होत जातो त्याच दिवसांत घरातला उजेड आठवड्याला एका ज्योतीने वाढवत न्यायचा, असा हा हिशेब.

याच आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात एक मोठी घटना घडली. निरनिराळ्या पंथांच्या सहा मंडळ्या, ज्यांची आजवर वेगवेगळी चूल होती, त्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये एकत्र आल्या आणि उत्तर भारताची एकच मंडळी स्थापन झाली. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, वाटण्या रोज होतात. सहा वाटण्या मोडून एक घर होणे हे किती अवघड, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आपल्या घरी करायचे तर

वाचक भगिनींनो, आपण ख्रिस्ती असा वा नसा, हे कडे करणे अवघड नाही, आणि त्यात आपल्या कामाची एक गोष्टही आहे.

सांगाड्यासाठी बांबूची ओली कामटी वाकवून दोन टोके तारेने बांधा. कामटी नसेल तर बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल आणा. तिचे चार-पाच वेढे एकमेकांत गुंतवले की चुंबळीसारखे पक्के कडे होते. त्यावर मोरपंखीच्या किंवा सुरूच्या लहान डहाळ्या एकाच दिशेने, कौले बसवतो तशा, एकीचे देठ दुसरीच्या पानाखाली झाकत सुतळीने बांधत जा. आंब्याचा पालाही चालतो, मात्र तो चार दिवसांत सुकतो.

लाल रंगासाठी पॉइन्सेटिया. लाल दिसतात ती त्याची फुले नव्हेत, शेंड्याची पाने आहेत. खरे फूल मधले बारीक पिवळे. रात्री मोठ्या झाल्या की ती पाने आपोआप लाल होतात, म्हणून नाताळात त्याला बहर. शेजारी रात्रभर दिवा जळत असेल तर झाड हिरवेच राहते. त्याचा चीक अंगाला खाजतो, पोरांना आणि वासरांना दूर ठेवा.

आणि आता संत्र्याचे. परदेशात या कड्यांवर वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या लावायची मोठी हौस आहे, आणि शहरांतल्या दुकानांत अशा चकत्या विकायला असतात. २०१४ साली ज्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते बारीक निघाले तर व्यापारी बाजूला काढतो आणि आपण ते बांधावर टाकतो. त्या बारीक फळाच्या चकत्या करून पहा. फक्त एक ध्यानात ठेवा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून चकती फार पातळ कापली तर गर सालीतून सुटून येतो. पाव इंच जाडी ठेवा, बिया टोकराने काढा, जाळीवर किंवा बाजेवर पातळ फडके अंथरून पसरा आणि वरून दुसरे फडके झाका. आपल्याकडचे हिवाळी ऊन कोरडे असते, आठ-दहा दिवसांत चकत्या कडक होतात. संध्याकाळी मात्र घरात घ्या, दवाने बुरशी धरते. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते, तिच्या चकत्या जास्त सुबक येतात. झाडाखाली गळून पडलेली फळे यासाठी वापरू नका. ती बहुधा किडकी, सडकी असतात, त्यांना खड्डाच बरा.

यातून मोठी मिळकत होईल असे मी म्हणणार नाही. पण तालुक्याच्या ठिकाणच्या किंवा नागपूरच्या एखाद्या दुकानदाराला दहा चकत्यांची माळ दाखवून भाव विचारायला काय हरकत आहे? आधी नमुना दाखवावा, मग ऐंशी किलो वाळवावे. उलट करू नये.

मेणबत्त्यांचे कडे करणार असाल तर पाला वाळू देऊ नका. वाळकी सुरू तुराटीसारखी भडकते. जळती मेणबत्ती सोडून घराबाहेर जाऊ नका, आणि गवताच्या गंजीजवळ तर हा खेळ नकोच.

आईची गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ताट परत केले. रिकामे ताट परत करू नये हे त्यांनाही ठाऊक, त्यात करंज्या आणि केकचा तुकडा होता. आईने त्यांना विचारले, "वर्षाच्या आत सण धरता का तुमच्यात?" आपल्याकडे घरात मयत झाली तर ते वर्ष सण धरत नाहीत, म्हणून तिला ते खटकत होते. बाई म्हणाल्या, "सण म्हणून नाही लावलं. ते गेले तेव्हा कबरीवर हेच वाहिलं होतं. आता दारावर लावलं." आईने जरा विचार केला आणि मान हलवली. मग गाठोड्यातली चांगली बारा संत्री निवडून तिने त्यांना दिली.

पुढच्या वर्षी ती नाताळच्या आधी आली ती आंब्याचे डहाळे घेऊनच. बाईंच्या चौकटीला तिने स्वतः तोरण बांधले आणि खाली दारावर बाईंनी आपले कडे लावले. पाहणाऱ्यांनी दोघींनाही नावे ठेवली असतील. तोरण लवकर सुकले, कडे सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे रीतीप्रमाणे उतरवायच्या दिवसापर्यंत, राहिले. फीत आणि तार सोडवून बाईंनी पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवली. उरलेला पाला आईने पिशवीत भरून गावी नेला आणि उकिरड्यावर टाकला.